मानांग पुरिंगचा भोकाचा पैसा

आमच्या इलोइलोची माणसं भांडतात तेव्हाही लाडात आल्यासारखी वाटतात, असं बाकीच्या बेटांवरचे लोक म्हणतात. त्यांचं चुकत नाही. आमच्या बोलण्याचा सूरच तसा लांबट आणि मऊ आहे. "तुझं वाटोळं होवो" हेसुद्धा आम्ही अंगाईच्या चालीवर म्हणू शकतो. अपवाद फक्त मानांग पुरिंगचा; मानांग म्हणजे आमच्याकडे थोरली ताई. ला पाझच्या बाजाराला लागून जे दुकानांचं दुमजली आर्केड आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी ती बसते आणि लॅपटॉप दुरुस्त करते. ती फाडफाड बोलते, गिऱ्हाइकालाही सोडत नाही. उलट ती कधी गोड बोलायला लागली तर समजावं, आता आपली धडगत नाही.

कागदोपत्री ती पुरिफिकासियोन. वय अठ्ठावन्न, उंची बेताची, केस पुरुषासारखे कापलेले. दुकान म्हणजे साडेतीन हात लांबीचं टेबल, वाकड्या मानेचा दिवा, एक भिंग आणि कोपऱ्यात लाल झग्यातली सांतो निन्योची मूर्ती. ज्या ब्रशने ती पंख्यांची धूळ झाडते त्याच ब्रशने बाळदेवाचा झगाही झाडते. कोणी हटकलं तर म्हणते, "त्याला चालतं. तुला काय त्रास आहे?"

तिच्याकडे लॅपटॉप आला की ती आधी त्याचा वास घेते. चेष्टा नाही. खालची झाकणी काढायची, पंख्याशी नाक न्यायचं, डोळे मिटायचे. मग निकाल. "तुमच्याकडे सुकी मासळी तळतात आणि खिडकी उघडत नाहीत. नवरा पलंगावर लोळून सिगारेट ओढतो आणि यंत्र गादीवर ठेवतो. खोटं असेल तर सांगा." समोरची बाई लाजून मान खाली घालते, कारण खोटं काहीच नसतं. पुरिंग पंख्यामागच्या फटींतून चिमट्याने धुळीचं जाड नमद्यासारखं वेटोळं ओढून काढते, टेबलावर ठेवते आणि म्हणते, "हे घरी न्या. उशीत भरा." निम्मी यंत्रं एवढ्यावरच थंड होतात.

खालच्या मजल्यावर मात्र वेगळा कारभार होता. तिथे बोनिफासियो, म्हणजे डॉक बोनिंग, पांढरा कोट घालून बसायचा. डॉक्टर तो कुठल्याच अर्थाने नव्हता, पण कोटाने माणसाचं अर्धं काम होतं. लॅपटॉपमधली चित्रं रंगवणारी चिप तापून बंद पडायला लागली की तो ती गरम हवेच्या बंदुकीने भाजायचा. भाजल्यावर चिपखालचं कथील क्षणभर पातळ होतं, तुटलेले सांधे तात्पुरते जुळतात आणि मेलेलं यंत्र उठून बसतं. गिऱ्हाईक खूश. महिन्या-दोन महिन्यांनी ते पुन्हा आडवं पडतं आणि गिऱ्हाईक पुन्हा येतं. पुरिंगला या प्रकाराची चीड होती. "ताप आलेल्या माणसाला तू तंदूरमध्ये घालतोस," ती त्याला जिन्यातून ओरडून सांगायची. तो खालून गोड आवाजात म्हणायचा, "पण मानांग, उठून चालायला लागतो की नाही?"

त्या दोघांचं असं पंधरा वर्षं चाललं होतं.

पुरिंग हे काम शिकली तैवानात. तिथल्या एका कारखान्यात नऊ वर्षं तिने भिंगाखाली तांदळाच्या दाण्याएवढे भाग जोडले. गेली तेव्हा तिची मुलगी क्रिसेल दोन वर्षांची होती. परत आली तेव्हा अकराची. विमानतळावर क्रिसेल पुढे आली, वडीलधाऱ्यांचा हात कपाळाला लावतात तसा तिने आईचा हात कपाळाला लावला आणि म्हणाली, "आंटी, प्रवास बरा झाला ना?" मागे उभ्या असलेल्या आजीला ती 'मामा', म्हणजे आई, म्हणत होती. पुरिंगने हे आयुष्यात तिघा-चौघांनाच सांगितलं असेल, तेही असं की जणू दुसऱ्या कुणाचं सांगते आहे. पुढे मायलेकींचं जुळलं. क्रिसेल आता बाकोलोदला शाळेत शिकवते आणि गेल्या नाताळात तिने आईला स्क्रूड्रायव्हरचा नवाकोरा संच पाठवला, चुंबकी टोकांचा. पुरिंगने तो आठ महिने उघडलाच नव्हता. तिला जुनीच हत्यारं हातात बसत होती.

त्या बुधवारी सकाळी नऊच्या सुमारास मारिवेल वर आली. चोवीस-पंचवीस वर्षांची, छातीशी लॅपटॉप धरलेला, डोळे सुजलेले. पुरिंगने तिला आपादमस्तक बघितलं.

"खालून आलीस ना? कोटवाल्याकडून?"

"दोनदा भाजून झालंय, मानांग. आता ते म्हणतात, चिपच नवीन बसवावी लागेल. दहा दिवस लागतील."

"आणि तुला किती दिवस आहेत?"

"परवा सकाळपर्यंत," मारिवेल म्हणाली आणि खुर्चीवर बसली ती कोसळल्यासारखीच.

तिची हकिगत अशी. ती घरांची चित्रं काढायची, न बांधलेल्या घरांची, संगणकावर. ऑस्ट्रेलियातल्या एका वास्तुकाराच्या कचेरीने तिला कायमचं काम द्यायचं ठरवलं होतं, पण आधी एक नमुना मागितला होता: एका घरातून आपण चालत जातोय असं दोन मिनिटांचं हलतं चित्र. घर तिने रचून ठेवलं होतं, उजेड, पडदे, सगळं. आता फक्त यंत्राने सलग पाच तास राबून ते चित्र तयार करायचं होतं. आणि यंत्र अकराव्या मिनिटाला तापून बंद पडत होतं. दर वेळी अकराव्या मिनिटाला.

"आणि नाही दिलंस तर?"

मारिवेलने पिशवीतून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. परदेशी कामाला पाठवणाऱ्या एजन्सीचं होतं. कुवेत, घरकाम, दोन वर्षं. वैद्यकीय तपासणी झालेली, फोटो चिकटवलेला. फक्त सही बाकी. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत सही केली नाही तर जागा दुसरीला जाणार होती आणि मग हातात ना हे ना ते.

"मूल आहे?"

"मुलगी. चार वर्षांची. आई सांभाळेल म्हणते." मग ती म्हणाली, "दोनच वर्षं, मानांग."

"हो," पुरिंग म्हणाली. "मी पण तेच म्हणून गेले होते. दोनच वर्षं."

तिने यंत्र ओढून घेतलं, उलटं केलं, झाकणी काढली आणि वास घेतला. धूळ बेताची, सिगारेट नाही. मारिवेलने यंत्र जपलं होतं. मग जुना स्क्रूड्रायव्हर घेऊन ती आतले स्क्रू काढायला लागली आणि तिसऱ्या स्क्रूला त्या म्हाताऱ्या हत्याराचं टोक तुटलं. पुरिंगने त्याला दोन शिव्या हासडल्या आणि नाइलाजाने क्रिसेलने पाठवलेला डबा उघडला.

एवढ्यात डॉक बोनिंग जिना चढून आला. आपलं गिऱ्हाईक वर गेल्याची बातमी त्याला लागली होती. बाह्या सावरत तो कठड्याला टेकला.

"करा, करा, मानांग. मी फक्त बघतो. दोनदा मी माझ्या हाताने भाजलीय ती चिप. ती संपलीय. तुम्ही आता फुंकर घाला नाही तर नवस बोला."

"तुझी सावली पडतेय. बाजूला हो."

लॅपटॉपमध्ये चिपची उष्णता वाहून नेण्यासाठी तांब्याची नळी असते, तिला एक पत्रा जोडलेला असतो आणि तो चिपवर टेकतो. पुरिंगने तो पत्रा उचलला. चिप आणि पत्रा यांच्यामध्ये उष्णता पुढे नेणाऱ्या पांढऱ्या, वाळलेल्या पेस्टमध्ये माखलेलं काहीतरी गोल होतं. तिने स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ते जरासं डिवचलं आणि ते टुणकन उडून टोकाला चिकटलं.

ते पाच सेंतीमोचं, म्हणजे आमच्याकडच्या पाच पैशांचं नाणं होतं. कडेला तांबूस, मधोमध भोक असलेलं. आता बाजारात कोणी घेत नाही ते, घराघरांत बरण्यांच्या तळाशी पडलेलं.

"हां, ते नाणं," बोनिंग म्हणाला. "ते मी पण बघितलं होतं. चांगलं बसलं होतं म्हणून परत तसंच ठेवलं. जुनी युक्ती आहे, सगळेच करतात."

पुरिंग स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला लटकलेल्या त्या नाण्याकडे बघत होती. पेस्ट तिने अंगठ्याने पुसली. नाण्याच्या कडेला लाल नखपॉलिशचा एक बारीक ठिपका होता.

ठिपका तिचाच होता.

बारा-तेरा वर्षांपूर्वी ही युक्ती तिनेच काढली होती. चिपवरची मूळची मऊ गादी वाळून जायची, नवी मिळायला मनिलाहून आठवडा लागायचा. तेव्हा तिला सुचलं, तांब्याचं नाणं घासून पातळ करून मध्ये बसवलं तर? बसलं. यंत्रं थंड झाली. आर्केडभर बोलबाला झाला, लोक कौतुकाने मानांगचा भोकाचा पैसा म्हणायला लागले. पुढे कुणी कामाचं श्रेय लाटू नये म्हणून ती प्रत्येक नाण्यावर लाल ठिपका द्यायची. शंभर तरी नाणी तिने अशी बसवली असतील. नंतर चांगल्या गाद्या मिळायला लागल्या आणि तिने ते बंद केलं, पण आपली ती युक्ती आठवली की अजून तिची मान ताठ व्हायची.

आणि आता नाणं चुंबकाला लटकत होतं. तांबं चुंबकाला चिकटत नाही, हे तिला शाळेपासून ठाऊक होतं. म्हणजे हे तांबं नव्हतंच. वर नुसता तांब्याचा मुलामा आणि आत पोलाद, आणि तो मुलामासुद्धा तिने स्वतःच्या हाताने घासून घालवला होता आणि खालून निघालेला करडा रंग पॉलिशची चमक समजून सोडून दिला होता. वर भोक, तेही बरोबर चिपच्या मध्यावर, जिथे ती सगळ्यात जास्त तापते. पत्रं लिहिणाऱ्याला, सिनेमा बघणाऱ्याला हे चाललं असेल. पण पाच तास चित्र रंगवणाऱ्या चिपला? तिची उष्णता जायला वाटच नव्हती.

"मारिवेल, हे यंत्र कुणाकडून घेतलंस?"

"हारो भागातल्या एका सर्व्हेयरकडून. जुनंच घेतलं, तीन वर्षं झाली."

हारोचा सर्व्हेयर. पुरिंगला तो आठवलासुद्धा. टक्कल, सतत घाई.

आता खरं सांगायचं तर त्या क्षणी पुरिंगला एक सोपी वाट दिसत होती. नाणं तिच्या मुठीत होतं. ठिपका कुणी बघितला नव्हता. खिशात टाकायचं, चांगलं काही बसवायचं, यंत्र चालू करून द्यायचं आणि बोनिंगच्या कोटावर आयुष्यभर पुरेल एवढी चिखलफेक करायची. कोणाला काय कळणार होतं? तिच्या मनात ते आलं, आणि आलं म्हणून तिचा तिलाच संताप आला. ही पोर मुलीला सोडून वाळवंटात निघाली होती ते कुणामुळे?

"बोनिंग, इकडे ये," ती म्हणाली. आवाज गोड होता, म्हणून तो दचकला. "हा ठिपका बघ. हे माझं नाणं आहे. मी बसवलेलं. हे तांब्याचं नाही आणि मी पंधरा वर्षं तुला शहाणपण शिकवतेय." मग ती मारिवेलकडे वळली. "इंदाय, पोरी, तुझी चिप तापते ती माझ्यामुळे. चिपचा दोष नाही, तुझाही नाही. चूक माझी."

बोनिंगने नाणं उलटसुलट करून बघितलं.

"म्हणजे मानांग, आजार तुमचा आणि बदनामी माझी?"

"तुझी बदनामी तू स्वतः कमावलीयस, त्यात मी वाटा मागत नाही. दोनदा भाजलीस ना पोरीची चिप? आता ती जिवंत असली तर ती देवाची कृपा. जा, मानोंग सेलोला बोलाव. त्याला म्हणावं, एअरकंडिशनच्या नळीचा तुकडा आण. जाडसर, अस्सल तांब्याचा."

आणि काय आश्चर्य, डॉक बोनिंग खरंच गेला.

सेलो, सगळ्यांचा मानोंग म्हणजे दादा, थंड हवेची यंत्रं बसवायचा. त्याच्याकडे तांब्याच्या नळ्यांचे तुकडे पोत्याने पडलेले. पुरिंगने आणलेल्या तुकड्याला आधी चुंबकी टोक लावून बघितलं. चिकटलं नाही. पुन्हा लावून बघितलं. मग सेलोने नळी उभी चिरली, लोखंडी पाटीवर ठोकून सपाट केली आणि नखाएवढा चौकोन कापून दिला. पुरिंगने काचेवर पॉलिशपेपर पसरला आणि घासायला बसली.

पण किती घासायचं? चिप आणि पत्र्यामधली फट किती, हे कळायला हवं. नाणं बसवताना तिने हे कधी मोजलंच नव्हतं, डोळ्यांनी अंदाज घेतला होता. त्या वेळचा तिचा फाजील आत्मविश्वास तिला आता चांगलाच टोचत होता. ती उठली, खाली पान्सित मोलो, म्हणजे पिठाच्या पुरचुंड्यांचं सूप, विकणारीच्या गाड्यावर गेली आणि म्हणाली, "मळलेल्या पिठाची एक गोळी दे. बोराएवढी."

"सूप नको? नुसतं पीठ?"

"नुसतं पीठ. आणि प्रश्न नकोत."

ती गोळी तिने पातळ प्लास्टिकच्या दोन तुकड्यांमध्ये धरून चिपवर ठेवली, वर पत्रा बसवला, सगळे स्क्रू आवळले आणि पुन्हा सोडवले. मध्ये चेपलेली पिठाची चकती फटीच्या जाडीची मिळाली. ती तिने तांब्याच्या तुकड्याशेजारी ठेवली, भिंगातून बघितलं, घासलं, पुन्हा ठेवलं, पुन्हा घासलं. तीन तास हे चाललं. ती जेवलीही नाही. मारिवेल समोर बसून एजन्सीच्या पाकिटाचा कोपरा दुमडत होती आणि सरळ करत होती. शेवटी तांबं आणि पीठ एका पातळीवर आली. दोन्ही बाजूंना पेस्टचा पातळ हात फिरवून पुरिंगने तुकडा बसवला आणि स्क्रू आवळले, समोरासमोरचे जोडीने, थोडे थोडे.

दुपारचे अडीच वाजले होते. यंत्र सुरू झालं, एवढ्यानेच मारिवेलने छातीवर क्रूस काढला. चिप जिवंत होती. तिने आपलं घर उघडलं आणि चित्र तयार करायची आज्ञा दिली. पडद्याच्या कोपऱ्यात चिपचं तापमान दिसत होतं. ते चढायला लागलं. साठ. अडुसष्ट. पाचव्या मिनिटाला पंचाहत्तर.

"आधी किती जायचं?" पुरिंगने विचारलं.

"सत्त्याण्णव. मग बंद."

आतापर्यंत आसपासच्या दुकानातली माणसंही येऊन उभी राहिली होती. बोनिंग घड्याळ घेऊन सगळ्यांच्या पुढे. आठव्या मिनिटाला एकोणऐंशी. दहाव्याला ऐंशी. पुरिंगने टेबलाची कड घट्ट धरली होती. अकरावं मिनिट लागलं तेव्हा जिन्यावर कुणाचा तरी फोन वाजला, तर त्याने तो झटकन दाबला. एक्याऐंशी. मग ऐंशी. पुन्हा एक्याऐंशी.

बारावं मिनिट गेलं. तेरावं गेलं.

"एक्याऐंशीवर थांबलंय," बोनिंग म्हणाला, आणि त्याच्या आवाजात इतका आनंद होता की त्याचं त्यालाच अवघडल्यासारखं झालं. त्याने खाकरून पुस्ती जोडली, "पण अजून पाच तास जायचेत."

पाच तास गेले. त्यात बाजार उठला, संध्याकाळची प्रार्थना झाली, मानोंग सेलोने सगळ्यांसाठी बात्चोयचे, म्हणजे शेवयांच्या सूपचे, वाडगे मागवले आणि पुरिंगने पहिल्यांदा तोंडात काही घातलं. आर्केडचे दिवे लागून तासभर झाला तेव्हा पडद्यावर एक दार उघडलं आणि सगळे मारिवेलच्या घरात शिरले. पांढऱ्या भिंती, खिडकीतून पडलेलं ऊन, वाऱ्याने किंचित हलणारा पडदा, मागच्या अंगणात एक आंब्याचं झाड. दोन मिनिटं कुणी डोळे हलवले नाहीत. पुरिंगला तो हलणारा पडदाच सगळ्यात आवडला. तापमान एक्याऐंशी.

"ऑस्ट्रेलियात आंबा असतो का गं?" सेलोने विचारलं.

"माझ्या घरात आहे," मारिवेल म्हणाली आणि इतका वेळ आवरून धरलेलं तिचं रडू तिथे फुटलं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी पुरिंगने एक पुठ्ठा घेतला आणि जाड अक्षरांत लिहून जिन्याच्या तोंडाशी टांगला: 'ज्यांच्या यंत्रात मी भोकाचा पैसा बसवला आहे त्यांनी यंत्र घेऊन यावे. तो तांब्याचा नव्हता. माझी चूक. फुकट काढून अस्सल तांबं बसवून मिळेल. पुरिंग.' सेलोने वाचून कपाळाला हात लावला. "मानांग, धंद्यावर धोंडा पाडून घेताय. कोण येईल मग तुमच्याकडे?"

शुक्रवारी सकाळी दहाला जिन्यावर अकरा माणसं उभी होती. एक मुख्याध्यापिका, एक पाद्री, दोन बोटीवरचे खलाशी, आणि तो हारोचा टकलू सर्व्हेयर, ज्याच्याकडे आता ते यंत्र नव्हतंच, तो नुसता बघायला आला होता. कुणी भांडलं नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "इतकी वर्षं यंत्रवाल्यांकडे जातेय, पण स्वतःची चूक पुठ्ठ्यावर लिहिणारी पहिलीच बघितली. आता माझ्या शाळेची सगळी यंत्रं तुमच्याकडे." पुरिंगने त्यांच्या यंत्राची झाकणी काढली आणि पंख्याशी नाक नेलं.

रांगेत शेवटचा डॉक बोनिंग होता. कोट नव्हता. हातात प्लास्टिकच्या पिशवीत त्याचा स्वतःचा लॅपटॉप.

"तुझ्यात मी कधी नाणं बसवलं?"

"तुम्ही नाही बसवलंत. तुमचं बघून मीच बसवलं होतं," तो पुटपुटला. "ठिपकासुद्धा दिलाय. लाल."

जिन्यावर असा हशा पिकला की खालची मोलोवाली वर बघायला आली. पुरिंगने पायाने खुर्ची त्याच्याकडे सरकवली आणि म्हणाली, "बस. नंबर आला की बोलावते." आणि बोनिंग बसला.

पावणेबाराला मारिवेल धावत जिना चढून आली आणि हातातलं एजन्सीचं पाकीट तिने टेबलावर टाकलं. तिला धाप लागली होती. ऑस्ट्रेलियातून उत्तर आलं होतं. चित्र पसंत. सोमवारपासून काम. त्या लोकांनी आंब्याच्या झाडाबद्दल विचारलं होतं आणि ते तसंच ठेवायला सांगितलं होतं. पुरिंगने तिचे दोन्ही हात धरले, पण लगेच सोडले आणि म्हणाली, "यंत्र गादीवर ठेवू नकोस. दर तीन महिन्यांनी आणून दाखव."

बारा वाजून पाच मिनिटांनी मारिवेलचा फोन वाजला. एजन्सीवाली बाई होती. बारा वाजून गेले, सहीला येताय ना, असं विचारत होती. मारिवेलने फोन कानाला घट्ट धरला आणि आमच्या इलोइलोच्या त्या मऊ सुरात म्हणाली, "नाही, मानांग. मी येत नाही. माझी जागा दुसऱ्या कुणाला द्या." मग फोन ठेवून ती नुसतीच उभी राहिली.

पुरिंग भिंगाखाली खलाशाचं यंत्र उघडत होती. मान वर न करता तिने विचारलं, "मुलगी शाळेत जाते?"

"बालवाडीत."

"सुटते किती वाजता?"

"साडेबाराला. रोज आईच आणते तिला. मी कामात असते ना."

"आत्ता किती वाजले?"

"बारा वाजून दहा."

"मग इथे काय करतेयस? जा. आज तू आण."

मारिवेल पाकीट तिथेच टेबलावर विसरून जिना उतरली. पुरिंग कठड्याशी आली आणि ती रस्ता ओलांडून प्रवासी जीपनीत चढेपर्यंत बघत राहिली. नऊ वर्षांत तिला एकदाही क्रिसेलला शाळेतून आणता आलं नव्हतं. दाराशी कुठली आई कुठे उभी राहते, पोरं बाहेर कशी येतात, पळत की हात धरून, हे तिला ठाऊक नव्हतं. आज कुणीतरी तिथे वेळेवर पोचणार होतं, आणि ते तिच्या हाताने झालं होतं.

ती परत टेबलाशी येऊन बसली. बोनिंगने हळूच विचारलं, "मानांग, रडताय?"

"पेस्ट गेली डोळ्यात," पुरिंग म्हणाली. "आण ते यंत्र इकडे. आणि आधी वास घेते, काय काय निघतं ते बघू."